बापूंचा न मरणारा राक्षस

एखादं गाव सुखानं नांदताना दिसलं की आमच्या बापूंच्या पोटात दुखायला लागतं. मग ते गाव खरं असो नाहीतर कागदावरचं. एकदा त्यांच्याच आग्रहावरून मी त्यांच्या पडवीत बसून खेळासाठी एक गाव रचलं. गोड्या पाण्याची विहीर, भाताची शेतं, देऊळ, देवळापुढे पिंपळ, आणि माणसं खाऊनपिऊन सुखी. बापूंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पोराला नापास करावं तशा आवाजात म्हणाले, "बरा आसा. पण ह्येच्यात संकट खंय आसा? संकट नाय तर ही माणसा सकाळी उठान करतली काय?"

मी म्हटलं, "शेती करतील."

"शेती बघूक खेळ कित्याक व्हयो? ती भायर आसाच," असं म्हणून त्यांनी माझ्या पिंपळावर काट मारली आणि त्या जागी एक शापित तळं काढलं.

बापू मालवणजवळच्या आचऱ्यातले, म्हणजे माझे शेजारी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी साखळी आणि झेंडे घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणी संपली की दोन्ही पक्ष त्यांना सारख्याच शिव्या देत, आणि त्यालाच ते निःपक्षपातीपणा म्हणत. निवृत्तीनंतर आमच्याकडची माणसं पोथी वाचतात, माडांना खत घालतात किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडतात. बापूंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी राक्षस पाळले.

याचं मूळ त्यांच्या मुलीत आहे. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला. एका मे महिन्यात ती एक खोका घेऊन आली आणि तो इथेच विसरून गेली. खोक्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि भलत्याच तोंडांचे फासे. खेळ असा की एकानं एक जग रचायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. कुणी सेनापती, कुणी जादूगार. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. लहान पोरं घर-घर खेळतात त्यातलाच प्रकार, फक्त पोरांना त्यासाठी पुस्तक लागत नाही. बापूंनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलं. मुलगी खोका न्यायला परत आली तोवर फार उशीर झाला होता.

तोवर 'माडगिरी' नावाचं राज्य तयार झालं होतं. त्याचा नकाशा त्यांनी मोजणीच्या कागदावर मोजणीच्याच प्रमाणात काढला. कल्पनेतल्या राज्याला हद्दीचे दगड, वहिवाटीच्या वाटा आणि सामायिक विहिरी असल्याचं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. पुस्तकातला ड्रॅगन मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. म्हणाले, "तो आमच्या हवेत टिकाचो नाय. आंबोलीच्या पावसात तेची आग पेटतली काय? फुकून फुकून मरतलो बिचारो."

संकटं तयार करण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे, आणि ते ऐकायला कुणी नसलं तरी ते सांगतात. एक संकट दारात हवं, एक वेशीवर हवं आणि एक समुद्रापार, नुसतं नाव ऐकून धडकी भरेल असं. दारातलं निस्तरेपर्यंत वेशीवरचं दारात आलं पाहिजे. "तुमी गप रवलास म्हणान राक्षस गप रवाचो नाय," हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं सूत्र त्याहून भयंकर. राक्षसाला शिंगं किती, दात किती, असं कुणी विचारलं की ते चिडतात. "शिंगा कोणय काढता. तेका व्हया काय, ता आधी सांगा!"

या प्रश्नापायी माडगिरीत एकही राक्षस धडपणे दुष्ट उरला नाही. जंगलातल्या वेताळाला म्हणे गुरांची जुनी वाट परत हवी होती. एका चेटकिणीचा सगळा राग तिला पंगतीत बोलावलं नाही एवढ्यावरून होता. आम्ही तलवारी परजून जावं आणि समोरच्यानं आपली बाजू मांडावी, की झालं. राक्षस मारायला निघालेला माणूस दुपारभर तंटामुक्तीची बैठक घेऊन परत येई.

या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे खारासुर. हा खाडीच्या मुखाशी राहतो आणि भरतीच्या वेळी बांध फोडून भाताच्या शेतात खारं पाणी सोडतो. ऐकताना मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी नीट नालायक राक्षस मिळाला. पण बापूंनी लगेच त्याची वकिली सुरू केली. "ती जमीन आधी कोणाची? पाण्याची. तुमच्या पूर्वजांनी बांध घालून ती काढून घेतल्यानी. तो काय वायट नाय हो मास्तर, तो आपलो हिस्सो मागता."

मास्तर म्हणजे मी. हायस्कुलात गणित शिकवतो. माडगिरीत मी राजपुरोहित आहे, कारण, बापूंच्याच शब्दांत, "तुमका तलवार पेलाची नाय." दुसरी खेळाडू प्रतिभा. तिचं माहेर वैभववाडीचं, बाजारात मेडिकलचं दुकान, लग्न होऊन गावात आली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती जादूगारीण. तिचं धोरण सरळ असे, "आधी मारूया, मगे इचारूया." या खेळात डोकं ठिकाणावर असलेली ती एकटीच होती. मी कशाला जात होतो, असं कुणी विचारील. रविवारी दुपारी आचऱ्यात जाणार कुठे, हे एक कारण. बापूंच्या बायकोच्या, म्हणजे वयनींच्या हातच्या, नारळाच्या रसातल्या खापरोळ्या, हे दुसरं आणि खरं.

आता बापूंच्या घरातल्या राक्षसाबद्दल सांगायला हवं. त्यांच्या घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत आहे. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ नाना राहतो. पूर्वी नानांची भाताची गिरण होती. दोघा भावांत कित्येक वर्षं अबोला, आणि त्याचं कारण नानांच्या न्हाणीचं पाणी. ते पाणी उतारानं वाहत बापूंच्या एका माडाच्या मुळाशी जातं. माड फोफावला, नारळांनी लगडला. नाना म्हणाले, पाणी माझं, तेव्हा अर्धे नारळ माझे. बापू म्हणाले, पाणी तुझं तर ते तुझ्या हद्दीत ठेव. झालं. मालवणच्या कोर्टात दावा पडला. माड म्हातारा झाला, नारळ कमी झाले, दोन वकिलांची घरं मात्र दुमजली झाली. दोघींनी, म्हणजे जावांनी, या दाव्याला कधी भीक घातली नाही. भिंतीवरून कालवणाची वाटी रोज इकडून तिकडे जाते. त्यामुळे बापू रोज नानांच्या घरचं खातात आणि नाना बापूंच्या घरचं. ते आपल्याला ठाऊक नाही असा आव दोघे आणतात. दोघेही शिकलेले आहेत, हे विशेष.

आम्ही खेळायला बसलो की नाना आपल्या बाजूच्या पडवीत पेपर उघडून बसत. दुपारभर पेपराचं पान उलटत नसे. एका रविवारी आम्ही दोघं खारासुराला मारायला निघालो आणि भरतीच्या पाण्यात बुडायची वेळ आली, तेव्हा भिंतीपलीकडून ओरडा आला, "अरे, आधी बांध बांधा मेल्यांनो! भरती इली!"

वयनींच्या हातातली परात खाली पडली. बापू भिंतीकडे बघत राहिले. प्रतिभा गावात नवी, तिला अबोल्याचा इतिहास कुणी सांगितलेला नव्हता. ती सहज ओरडली, "मगे हयसरच येवा की हो नाना! आमका सेनापती व्हयोच आसा."

आणि नाना आले. स्वतःची खुर्ची घेऊन आले, कारण भावाच्या खुर्चीत बसणं म्हणजे दावा सोडल्यासारखं. खुर्ची टेकवून त्यांनी माझ्याकडे बघत जाहीर केलं, "मास्तर, मी हयसर कोणाच्या घराक येवक नाय. मी माडगिरीक इलंय. महाराजांशी बोलतलंय, आणखी कोणाशी नाय. आणि ह्यो खारासुर मेलो की माझा काम संपला. मगे माझी पडवी आणि मी."

महाराजांचं सोंग बापूंकडेच होतं. त्यांनी नकाशावरची नजर काढली नाही. "सेनापतींचा म्हणणा महाराजांक मान्य आसा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून दर रविवारी हा तमाशा सुरू झाला. सख्खे भाऊ. एकाच न्हाणीत वाढलेले. ते एकमेकांना "महाराज" आणि "सेनापती" म्हणत समोरासमोर बसू लागले. "महाराज, पश्चिमेचो बांध ढिलो आसा." "सेनापती, तुमचा मत काय?" "महाराजांनी विचारला म्हणान सांगतंय, चिरे लावा, नुसती माती रवाची नाय." खरा बांध फुटला असता तर दोघांनी एकमेकांना नोटिसा पाठवल्या असत्या. खोट्या बांधासाठी मात्र डोकी जुळवून बसत. मला तर हसू आवरत नसे. सोमवारी सकाळी हेच दोघे बाजारात समोरासमोर आले की एक जण छत्री उघडी, कडक उन्हात, आणि दुसरा दुकानात शिरे, मग ते दुकान बांगड्यांचं का असेना.

खारासुर जिवंत आहे तोवर नाना येणार, हे आम्हा सगळ्यांना स्वच्छ कळलं होतं. बापूंना ते सगळ्यात जास्त कळलं होतं. परिणामी खारासुर मरेना.

त्याची तऱ्हा अशी. आमचा घाव बसला की राक्षस वाचला की मेला, हे ठरवायला बापू वीस तोंडांचा फासा टाकत. दहाच्या वर पडलं तर वाचला. या खेळात जग रचणाऱ्यानं आपले फासे आडोशाला टाकायचे, अशी रीत आहे म्हणे. बापूंनी आडोशाला घरातलं सूप उभं केलं. सुपामागे फासा खडखडे, बापू वाकून बघत आणि दुःखानं मान हलवत म्हणत, "वाचलो हो." दोन पावसाळे गेले. आम्ही त्याला जाळला, बुडवला, प्रतिभानं तर त्याला एकदा आपल्या दुकानातलं जुलाबाचं औषध पाजलं. दर वेळी फासा त्याच्या बाजूनं. मी गणिताचा मास्तर. इतक्या वेळा सलग दहाच्या वर पडण्याची शक्यता मी काढली होती. पेपर तपासण्यात आणि कॉप्या पकडण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या डोळ्यांदेखत एक सेवानिवृत्त सरकारी नोकर सुपाच्या आडून धडधडीत खोटं बोलतो आणि मी खापरोळी खात बघत बसतो, हे मला सहन होत नव्हतं. भावावर माया आहे तर भिंत ओलांडून जावं, हाक मारावी. त्यासाठी राक्षस कशाला पोसायचा?

मग गावपळण आली.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं आचरा गाव सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात म्हणून कुणी राहायचं नाही. वेशीबाहेरच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या, आणि पुन्हा कौल मिळाला की परतायचं. थंडीवाऱ्याला घाबरणारे म्हातारेसुद्धा यात आनंदानं उघड्यावर झोपतात. भजनं, फुगड्या, पत्ते. कुणी म्हणतं या दिवसांत गाव देवाचं असतं, कुणी म्हणतं भुतांचं. बापूंचं मत विचारलं तर ते गंभीरपणे म्हणतात, "देव मोजणी करता. माणसा मधे आसली की साखळी सरळ धराक गावणा नाय."

माळावर दोन्ही जावांनी नवऱ्यांना न विचारता दोन घरांची मिळून एकच झोपडी घातली. मध्ये चिरे नाहीत, भिंत नाही. एका कोपऱ्यात बापू पाठ करून बसले, दुसऱ्या कोपऱ्यात नाना. सकाळ अशीच गेली. दुपारी जेवणं झाल्यावर प्रतिभाच आली, फासे घेऊन. "चला, राज्य सोडून इलाव म्हणान खारासुर थांबतलो काय?"

काजूच्या सावलीत चटई अंथरली. नकाशा उलगडला. नानांनी खुर्ची आणली नव्हती. डोक्यावरून न्यायच्या सामानात खुर्चीला जागा नव्हती, म्हणून ते प्रथमच आमच्याबरोबर जमिनीवर बसले, एक पाय लांब करून, हात गुडघ्यावर ठेवून. बापूंनी वयनींकडे सूप मागितलं.

"सूप माका व्हया," वयनी तांदूळ पाखडत म्हणाल्या. "संध्याकाळचा रांधूक नको? तुमचो राक्षस बसांदेत उन्हात."

बापूंनी पेपर उभा धरून पाहिला. वाऱ्यानं तो खाडीच्या दिशेनं नेला. त्यांनी टोपी आड धरून पाहिली, ती फाशापेक्षा फारशी मोठी नव्हती. मला संधी मिळाली. मी म्हटलं, "बापू, एवढी तारांबळ कशाला? टाका की उघड्यावर. आम्ही काय परके आहोत?"

बापू माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या हद्दीचा दगड हलवला होता. पण प्रतिभाही म्हणाली, "होय तर, उघड्यारच टाका."

खेळ अशा टप्प्यावर आला होता की ओहोटी होती, बांध पुरा झाला होता, खारासुर उथळ पाण्यात अडकला होता. सेनापतीनं एक घाव घालायचा, बस. नाना नकाशा बघत बसले. मग हळूच म्हणाले, "महाराज, आज नको. ओहोटी अजून पुरी होवची आसा."

"सेनापतींका घाई नसात तर..." बापू लगेच म्हणाले.

"सेनापती घाबरले वाटतं," मी म्हटलं. मला त्या दोघांचा खरोखर संताप आला होता. प्रतिभा हसली, आजूबाजूच्या झोपड्यांतली चार माणसं जमली होती तीही हसली. नाना भडकले. गिरणीवाल्याचा राग. त्यांनी फासा उचलून टाकला. अठरा. घाव बसला.

आता राक्षसाचा फासा. बापूंनी तो मुठीत धरला, हलवला, पुन्हा हलवला. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. शेवटी टाकला. चटईवर तो दोनदा उलटला आणि उन्हाच्या कवडशात थांबला.

तीन.

सगळ्यांनी पाहिलं. जमलेल्यांतला एक जण ओरडला, "मेलो!" टाळ्या पडल्या. बापू मात्र त्या फाशाकडे बघत होते. हात तसाच पुढे. दोन पावसाळे त्यांनी ज्याला सुपाआड जपलं, तो माझ्यामुळे भरदुपारी चारचौघांत मेला होता. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"माझो हात लागलो फाशाक," नाना म्हणाले.

कुणाला कळेना. नाना पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्याकडे न बघता, समोर बघत, "दादा, माझो हात लागलो. परत टाक."

अर्ध्या नारळासाठी कोर्टाची पायरी झिजवणारा हा माणूस. आयुष्यात त्यानं हक्काची एक करवंटी सोडली नव्हती. त्याचा हात कुठे होता ते मी पाहिलं होतं. तो गुडघ्यावर होता, फाशापासून चांगला हातभर लांब. माझं तोंड उघडलंही. पण पलीकडे वयनींचं पाखडणं थांबलं होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटलं.

बापूंनी फासा उचलला. टाकला. तो थांबायच्या आतच नानांचा पंजा त्यावर पडला, पुरता झाकून. आता मात्र हात खरोखर लागला होता.

"सोळा," नाना म्हणाले.

"सोळा," बापू म्हणाले. त्यांनी विचारलंही नाही की हात उचल. "खारासुर वाचलो."

माणसं कुरकुरत पांगली. प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं, फासे गोळा केले आणि वयनींना मदत करायच्या निमित्तानं उठून गेली. मला कुणी उठ म्हटलं नाही, म्हणून मी बसून राहिलो. बापू चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. बराच वेळ पुसला. मग नकाशाकडे बघतच त्यांनी विचारलं, "ढोपर दुखता काय रे अजून?"

नानांनी लांब केलेला पाय जवळ घेतला. "दुखता तर. पण तुका कोणी सांगल्यान?"

"सांगाक कोण कित्याक व्हया?" बापू म्हणाले. "रातीचो कण्हतंस. भिंतीपलीकडसून ऐकतंय मां मी."